गिरणीची मोटार पुन्हा पुन्हा का जळते: आत काय असतं आणि त्यातलं काय बदलता येतं

प्रश्न : पंचवटीत आमची पिठाची गिरणी आहे. वडिलांनी घेतलेली दहा एचपीची थ्री फेज मोटार आहे. दोनदा भरून झाली, आता परत जळाली. रिवाइंडिंगवाला म्हणतो, 'हिच्यात आता काही राहिलं नाही, नवी घ्या.' भंगारवाला तांब्याच्या वजनावर भाव सांगतो. मोटारीत नेमके कोणते भाग असतात, त्यातले कोणते बदलता येतात आणि रिवाइंडिंगवाला खरं बोलतोय की नाही हे मला कसं कळणार?

उत्तर :

रिवाइंडिंगवाला खरं बोलत असेलही, पण नुसत्या शब्दावर मानायची गरज नाही. तपासायचे मार्ग आहेत. त्यासाठी मोटारीची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. पुस्तकात भागांची यादी असते, तशी मी देत नाही. कुठला भाग गेला तर मोटार वाचते आणि कुठला गेला तर वाचत नाही, त्या अंगाने सांगतो.

बेअरिंग, पंखा, बाजूची कव्हरं, टर्मिनल पट्टी आणि ज्याला आपण 'मोटार भरणं' म्हणतो ते वायंडिंग, हे सगळं नवं बसवता येतं. रोटरचंही, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाचंही, बऱ्याचदा भागतं. बदलता येत नाही तो स्टेटरचा, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाचा कोअर : पत्र्यांची चळत, म्हणजेच स्टॅम्पिंग. तो बिघडलेली मोटार फिरते, पीठही दळते, पण जास्त वीज खाते, विनाकारण तापते आणि तुम्ही घातलेलं नवंकोरं तांबं वर्ष-दोन वर्षांत पुन्हा जाळते. लोक मोटारीची किंमत तांब्यात मोजतात. माझ्या मते ती पत्र्यात मोजायला हवी.

आधी नेमप्लेट बघा. पिठाचा थर खरवडून काढावा लागेल. त्यावर ७.५ किलोवॅट किंवा १० एचपी, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, चौदाच्या आसपास अँपिअर आणि १४४० किंवा जवळपासचा आरपीएम असेल. १४४० म्हणजे फोर पोल, चुंबकीय क्षेत्राचे चार ध्रुव. चुंबकीय क्षेत्राचा वेग १२० गुणिले ५० भागिले ४, म्हणजे १५०० येतो. रोटर त्याच्या थोडा मागे राहतो, आणि मागे राहतो म्हणूनच चालतो. त्याने क्षेत्राला गाठलं तर त्यात करंट निर्माणच होणार नाही, मग ओढ कुठून येणार? हा साठ फेऱ्यांचा फरक म्हणजे स्लिप, सुमारे चार टक्के. विहिरीवरच्या मोनोब्लॉकवर (पंप आणि मोटार एकत्र असते ती) २८८० दिसतं, ती टू पोल. निफाड-दिंडोरीकडून भरायला येणाऱ्या मोटारी बहुतेक तशाच किंवा सबमर्सिबल असतात. त्यांची दुखणी वेगळी, त्यांचं नंतर बघू.

फ्रेमचा आकडाही प्लेटवर असतो. १३२ म्हणजे मोटार ज्या पायांवर बसते तिथपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची १३२ मिलिमीटर. ही मापं प्रमाणित असल्यामुळे एका कंपनीची मोटार काढून दुसरीची बसवता येते. फोर पोल १० एचपीला सहसा १३२एम फ्रेम आणि ३८ मिलिमीटरचा शाफ्ट येतो. तुमची फार जुनी असेल तर फ्रेम मोठी निघू शकते. नवी घ्यायची वेळ आली तर पुली आणि पायांची भोकं आधी मोजा.

आता बाहेरून आत जाऊ. बॉडी बिडाची असते, तिच्यावरच्या उभ्या पट्ट्या म्हणजे फिन. मागे पंखा, त्यावर जाळीचं कव्हर. यात न समजण्यासारखं काही नाही, पण गिरणीत निम्मा घोटाळा इथेच होतो. या प्रकारच्या मोटारीत बाहेरची हवा आत जात नाही. वायंडिंगची उष्णता कोअरमध्ये, कोअरची बॉडीत, बॉडीची फिनवरून हवेत, असा एकच रस्ता आहे. फिनच्या मध्ये पीठ बसलं, त्यात पावसाळ्याची ओल गेली की त्याची लुकण होते आणि तो रस्ता बंद होतो. ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने नको. रंग देतानाही फिनवर थरावर थर चढवू नका. मोटारी साधारणपणे ४० अंश भोवतालचं तापमान आणि समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंची धरून बनवलेल्या असतात. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे उंचीची काळजी नाही. पण एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याच्या शेडमधल्या गिरणीत तो वर गेलेला असतो.

बॉडीच्या आत दाबून बसवलेला असतो तो स्टेटर कोअर. लांबून अखंड लोखंडाचा ठोकळा वाटतो, पण तसा तो नसतो. सिलिकॉन स्टीलचे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे गोल पत्रे एकावर एक रचलेले असतात. कोअर सोळा सेंटिमीटर लांब धरला तर त्यात तीनशेवर पत्रे आले. प्रत्येकावर इन्सुलेशनचा अतिशय पातळ लेप असतो. एवढा खटाटोप कशासाठी? वायंडिंगमधून एसी करंट जातो, कोअरमधलं चुंबकत्व सेकंदाला ५० आवर्तनं करतं. बदलतं चुंबकत्व तारेत वीज निर्माण करतं तशीच लोखंडातही करतं. अखंड लोखंड असतं तर त्यात भोवऱ्यासारखे करंट फिरले असते, त्यांनाच एडी करंट म्हणतात, आणि मोटार विनालोडच लाल झाली असती. पत्रे वेगवेगळे ठेवले की हे करंट प्रत्येक पत्र्यापुरते अडतात. पत्र्याची जाडी निम्मी केली तर हा तोटा चौथाईवर येतो. म्हणजे सगळा खेळ त्या न दिसणाऱ्या लेपाचा आहे.

आणि तो लेप आपल्याकडे कसा मरतो ते सांगतो. जळालेलं वायंडिंग वॉर्निशमुळे दगडासारखं कडक झालेलं असतं, ओढून निघत नाही. नीट पद्धत अशी की एका बाजूची टोकं कापायची, स्टेटर नियंत्रित भट्टीत ठेवायचा, कोअरचं तापमान ३६० ते ३७० अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, वॉर्निशची राख झाली की तारा सावकाश ओढून काढायच्या. घाईची पद्धत म्हणजे स्टेटर आडवा टाकायचा, आत लाकडं कोंबायची, जुनं ऑइल ओतायचं आणि काडी लावायची. त्या आगीचं तापमान कोण मोजतंय? पत्र्यांमधला लेप जातो, शेजारशेजारचे पत्रे विजेच्या दृष्टीने एक होतात. वर छिन्नी-हातोड्याने तारा काढताना कोअरच्या खाचांमधले दाते वाकतात आणि एकमेकांना टेकतात. अशी मोटार दोनदा भरली की तिसऱ्यांदा ती का जळाली याचं उत्तर वायंडिंगमध्ये शोधण्यात अर्थ नसतो.

तुमची मोटार आत्ता उघडी पडली असेल तर जाऊन कोअर बघा. जुनं तांबं निघाल्यावर खाचांचे दाते निळसर-जांभळे पडलेत का? टोकाचे पत्रे पंख्यासारखे सुटलेत का? आतल्या गोलाईवर चकाकता घासल्याचा पट्टा आहे का? रोटर घासला की पत्र्यांच्या कडा एकमेकांवर लिंपल्या जातात आणि तिथे गरम डाग तयार होतो. डोळ्यांनी खात्री होत नसेल तर रिंग टेस्ट मागा. कोअरच्या आतून आणि बाहेरून केबलचे काही वेढे घ्यायचे, हिशेबाने एसी व्होल्टेज द्यायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. चांगला कोअर सगळीकडे सारखा कोमट होतो. खराब कोअरमध्ये एखादी जागा बाकीच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त तापते. सातपूर-अंबडला कारखान्यांच्या मोठ्या मोटारी भरणाऱ्या वर्कशॉपमध्ये ही टेस्ट विचारा. 'ती काय असते?' असा उलट प्रश्न आला तर पुढच्या दुकानात जा.

वायंडिंगकडे वळू. कोअरच्या आतल्या बाजूला खाचा असतात, या मापाच्या मोटारीत बहुधा ३६. फोर पोलला प्रत्येक पोलच्या वाट्याला नऊ खाचा, त्यात तीन फेज, म्हणजे प्रत्येक फेजला तीन. दोन शेजारच्या खाचांमधलं विद्युत अंतर २० अंश येतं. तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांवर हव्यात, म्हणून एकीची सुरुवात पहिल्या खाचेत, दुसरीची सातव्या आणि तिसरीची तेराव्या. इतकी साधी मांडणी, पण तीन फेजचा करंट एकामागोमाग एक वरखाली होतो तेव्हा या स्थिर तारांमधून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी १८८९ मध्ये पिंजरा रोटरची थ्री फेज मोटार बनवली, तेव्हापासून मूळ कल्पना बदललेली नाही.

खाचेत तांबं थेट लोखंडाला टेकत नाही. आधी खाचेत कागद बसतो. हल्ली बहुधा मायलर फिल्म आणि नोमेक्सचा जोडकागद येतो, पूर्वी लेदरॉइड असायचा. त्यात एनॅमलची तार. वरून कागदाची घडी आणि बांबूची किंवा फायबरची पाचर, म्हणजे तार खाचेबाहेर उचलली जाणार नाही. टोकांना दोन वेगवेगळ्या फेजच्या कॉइल एकमेकांवरून जातात, तिथे मध्ये फेज पेपर हवाच. जोडांवर स्लीव्ह, मग सुतळीची किंवा टेपची बांधणी, शेवटी वॉर्निश. वॉर्निश चमक यावी म्हणून नसतं. करंटबरोबर प्रत्येक तार सतत थरथरत असते. वॉर्निशने तारा एकजीव झाल्या नाहीत तर ती थरथर एनॅमल घासून काढते. शिवाय तारांमधल्या हवेच्या पोकळ्या वॉर्निशने भरल्या की उष्णता कोअरकडे लवकर जाते. वायंडिंग आधी तापवून, बुडवून, निथळून, पुन्हा भट्टीत भाजलं पाहिजे. ब्रशने वॉर्निश फासून उन्हात ठेवलेली मोटार दिसायला तशीच दिसते, टिकत मात्र नाही.

भरताना मूळ डेटा जसाच्या तसा उतरवणं ही कारागिराची खरी परीक्षा असते : कॉइलमागे टर्न किती, तारेचा गेज कोणता, किती तारा समांतर, कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत, जोडणी कशी. दोनदा भरलेल्या मोटारीत हा डेटा कारागिरागणिक सरकलेला असतो. टर्न दहा टक्के कमी पडले तर कोअरवर चुंबकत्वाचा भार अकरा टक्के वाढतो. कोअर आधीच कडेवर चालत असतो, त्यामुळे विनालोड करंट एकदम उसळतो. टर्न दहा टक्के वाढले तर करंट छान कमी दिसतो, मालक खूश होतो, पण मोटारीची ओढ सतराएक टक्क्यांनी घटते आणि गहू टाकला की ती बसायला लागते. गेज बारीक घातला तर तांबं वाचतं, कुणाचं ते तुम्हीच समजा. ॲल्युमिनियमची तार घातली असेल तर तेवढ्याच करंटसाठी तिला तांब्याच्या सुमारे १.६ पट छेद (क्षेत्रफळ) लागतो, आणि तेवढी जागा खाचेत नसते. म्हणून मोटार देताना निघालेल्या तांब्याचं आणि भरलेल्या तांब्याचं वजन लिहून मागा. चांगला कारागीर चिडत नाही.

जळालेलं वायंडिंग काढून टाकण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढायला हवा होता. अजून काढलेलं नसेल तर लगेच काढा, कारण ते बोलतं. थ्री फेजमधली एक लाइन गेली, म्हणजे डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला किंवा स्टार्टरचा एक पॉइंट जळाला, तर मोटार उरलेल्या दोन लाइनवर घुरघुरत ओढत राहते. अशा वेळी डेल्टा जोडणीत (तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेल्या) एकाच फेजच्या कॉइल काळ्या पडतात : काळ्या कॉइलचा एक गट, मग दोन गट स्वच्छ, पुन्हा एक काळा, असं सारख्या अंतराने. स्टार जोडणीत (तिन्हींचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) उलटं, दोन फेज काळ्या, एक स्वच्छ. दहा एचपी सहसा डेल्टात असते, त्यामुळे तुम्हाला पहिला नमुना दिसायला हवा. तो दिसला तर मोटारीचा दोष नाही, सप्लाय आणि संरक्षणाचा आहे. सगळं वायंडिंग सारखं तपकिरी-काळं झालं असेल तर जास्त लोड, कमी व्होल्टेज, बंद झालेले फिन किंवा मी म्हणतो तो कोअर. एकच कॉइल काळी आणि बाकी सगळं ताजं असेल तर टर्न आपापसात शॉर्ट झाले, म्हणजे तार किंवा भरणी वाईट. खाचेच्या तोंडाशी एकच वितळलेला ठिपका असेल तर कागद फाटून बॉडीला लागलं.

इन्सुलेशनच्या क्लासचा उल्लेख इथे करतो. बी म्हणजे १३० अंश, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०. हा आकडा बॉडीचा नाही, आतल्या सर्वांत गरम जागेचा. ढोबळ नियम असा की ठरलेल्या तापमानाच्या वर दर दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. वडिलांच्या काळातली मोटार बी किंवा त्याखालच्या ई क्लासची असेल, आज भरताना एफ क्लासचं साहित्य मागा. किमतीत फार फरक पडत नाही.

रोटर बघितला की लोकांना आश्चर्य वाटतं, कारण त्यात तारच नसते. पत्रे इथेही असतात, पण त्यांच्या खाचांमध्ये वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने ओतलेलं असतं. त्याच्या पट्ट्या आणि दोन्ही टोकांच्या कड्या मिळून एक पिंजरा होतो. कड्यांवरच लहान पाती ओतलेली असतात, ती आतली हवा ढवळतात. पट्ट्या आणि लोखंड यांच्यात वेगळं इन्सुलेशन नसतं, व्होल्टेज इतकं कमी असतं की लागत नाही. पट्ट्या थोड्या तिरक्या दिसतील. तो ओतकामातला दोष नाही, त्यामुळे आवाज कमी होतो आणि सुरू होताना मोटार खाचेत अडखळत नाही. त्याच कारणाने रोटरच्या खाचा स्टेटरइतक्या कधीच ठेवत नाहीत.

रोटर क्वचित जातो. गेला तर लोडवर अँपिअरचा काटा संथ लयीत झुलतो, आवाजही त्याच तालात वरखाली होतो, आणि मोटार वेग घ्यायला वेळ लावते. वायंडिंग ठणठणीत, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) चांगला दाखवतो, तरी ओढत नाही, अशी तक्रार असली की रोटरच्या पट्ट्या तपासाव्यात. रोटरवर एक अत्याचार मात्र सर्रास होतो. तो घासू लागला की लेथवर चढवून एक हात मारून घेतात. या मापाच्या मोटारीत रोटर आणि स्टेटरमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ती इतकी बारीक ठेवायला कारखान्यात जीव काढतात. हवेतून चुंबकत्व न्यायला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, म्हणून फट वाढली की विनालोड करंट वाढतो, पॉवर फॅक्टर पडतो. घासण्याचं कारण जवळजवळ नेहमी बेअरिंग किंवा त्याचं घर असतं. रोटर कापून कारण जात नाही.

बेअरिंगचा आकडा वाचायला शिका. ६३०८ मध्ये शेवटचे दोन अंक गुणिले पाच, म्हणजे आतलं भोक ४० मिलिमीटर. ६२०८ चं भोकही ४०, पण बाहेरचा व्यास ८०, तर ६३०८ चा ९०. गोळ्या मोठ्या, ताकद जास्त. गिरणीची मोटार पट्ट्यावर चालते, पट्टा शाफ्टला सतत एका बाजूला खेचतो, म्हणून पुलीकडचं बेअरिंग आधी जातं. पट्टा घसरतो म्हणून तो आणखी ताणायचा, मग बेअरिंग वाजायचं, मग रोटर घासायचा, ही साखळी मी कितीदा बघितली असेल. घसरण्याचं कारण बऱ्याचदा पुलीवर बसलेलं पीठ किंवा झिजलेला पट्टा असतो. पुली शाफ्टच्या टोकाला लोंबती न ठेवता जितकी बॉडीच्या जवळ घेता येईल तितकी घ्या, आणि हातोड्याने ठोकून बसवू नका. तो प्रत्येक ठोका पलीकडच्या बेअरिंगच्या गोळ्यांवर बसतो.

बेअरिंगचं घर ढिलं झालं की काही जण आत पंचाने टिंब मारून घट्ट करतात. आठवडाभर घट्ट राहतं. बोअरिंग करून बुश बसवणं हा त्याचा इलाज, आणि तो करताना जुन्या मध्यापासून केसभरही सरकता कामा नये. ग्रीस जागेच्या निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. गच्च भरलेलं ग्रीस घुसळून तापतं. गिरणीत दोन्ही बाजूंनी झाकलेलं रबर सीलचं बेअरिंग परवडतं, पीठ आत जात नाही.

विहिरीवरच्या मोनोब्लॉकबद्दल थोडंच. तिथे मोटारीच्याच शाफ्टवर पंपाचा इम्पेलर असतो, ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारं पॅकिंग) गळू लागली की पाणी आधी बेअरिंगमध्ये, मग वायंडिंगमध्ये. त्यात रात्रीची वीज, लांब केबल आणि कमी व्होल्टेज. ४१५ च्या जागी ३५० मिळाले तर ओढ ७१ टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. सबमर्सिबलमध्ये तर वायंडिंग पाण्यातच बुडालेलं असतं, तार प्लॅस्टिकच्या आवरणाची, आणि खाली कार्बनचं थ्रस्ट बेअरिंग सगळा भार घेतं. घरघंटीची एक एचपीची सिंगल फेज मोटार आणखी निराळी : तिला सुरू व्हायला वेगळं वायंडिंग आणि कंडेन्सर लागतो. कमी व्होल्टेज सोडलं तर तुमच्या मोटारीला यातलं काही लागू नाही.

टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतात. खालच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि वर डब्ल्यू२, यू२, व्ही२. वरची ओळ मुद्दाम सरकवलेली असते, म्हणजे पट्ट्या उभ्या लावल्या की डेल्टा, वरच्या तिन्ही आडव्या जोडल्या की स्टार. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर पट्ट्या काढून सहाही वायरी स्टार्टरला जातात. वायरीच्या टोकाचा लग ढिला असला की तापतो, तापून आणखी ढिला होतो आणि एक दिवस ती लाइन सुटते. पुढचं सिंगल फेजिंग, म्हणजे उरलेल्या दोनच लाइनवर चालणं, तुम्हाला माहीत आहे.

आता मला ज्याचा सर्वांत जास्त संशय आहे ते. तुमच्याकडे स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर ओव्हरलोड रिलेचं (करंट जास्त झाला की मोटार बंद करतो तो) बटण किती अँपिअरवर आहे ते बघा. प्लेटवर चौदा अँपिअर आहे म्हणून ते चौदावर ठेवलेलं असतं. पण बहुतेक स्टार्टरमध्ये रिले लाइनवर नसतो, वायंडिंगच्या फेजमध्ये असतो. तिथे करंट लाइनच्या ५८ टक्के वाहतो, म्हणजे चौदाला सुमारे आठ. रिले आठवर हवा. चौदावर ठेवला तर मोटार पावणेदोनपट लोडवर तापत राहील आणि रिले गप्प बसेल. दोनदा भरलेली मोटार तिसऱ्यांदा जळते तेव्हा मी गिरणीत पाय ठेवल्यावर आधी स्टार्टरचं झाकण उघडतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नसेल तर तोही बसवा. भरण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

म्हणजे तुम्ही काय करायचं? रिंग टेस्टमध्ये कोअर चांगला निघाला आणि बेअरिंगची घरं ठीक असली तर भरून घ्या, पण घरी नेण्याआधी चार गोष्टी समोर करून मागा. ५०० व्होल्टच्या मेगरवर वायंडिंग ते बॉडी किमान एक मेगओहम हा तळ झाला, ताज्या भरलेल्या मोटारीने शंभराच्या पुढे दाखवलं पाहिजे. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा हवा. विनालोड करंट टाँग टेस्टरने (वायरीला चिमट्यासारखा लावायचा मीटर) तिन्ही लाइनवर मोजा, तो पूर्ण करंटच्या तीस ते पन्नास टक्क्यांत आणि तिन्हीकडे जवळपास सारखा असावा. सारखा नसेल तर आधी व्होल्टेज मोजा, कारण व्होल्टेजमधल्या एक टक्क्याच्या तफावतीने करंटमध्ये सहा ते दहा टक्क्यांची तफावत पडते. लाइनच्या वायरी पुढे सरकवून बघा : तफावत लाइनबरोबर सरकली तर सप्लाय, मोटारीच्या टोकाशी चिकटून राहिली तर वायंडिंग. चौथं, तासभर विनालोड चालवून बॉडीला हात लावा.

कोअरचा तोटा करंटमध्ये नीट दिसत नाही, तो वॅटमध्ये दिसतो. त्यासाठी तुमचाच मीटर वापरा. गिरणीतलं बाकी सगळं बंद करा, पट्टा काढा, मोटार एकटी चालवा आणि मीटरवरच्या लाल दिव्याच्या लुकलुकी दहा मिनिटं मोजा. मीटरवर युनिटला १२०० पल्स लिहिलं असेल आणि दहा मिनिटांत शंभर लुकलुकी झाल्या, तर मोटार रिकामी फिरायला अर्धा किलोवॅट खातेय. या मापाच्या धडधाकट मोटारीने त्याच्या आत राहायला हवं. आकडा एक किलोवॅटकडे जाऊ लागला तर रिवाइंडिंगवाला खरं बोलत होता.

तसं निघालं तर नवी घ्या आणि हळहळू नका. आयएस १२६१५ चा शिक्का आणि आयई३ हा कार्यक्षमतेचा वर्ग बघा. ७.५ किलोवॅट फोर पोलला आयई१ ची कार्यक्षमता ८६ टक्के धरतात, आयई३ ची ९०.४. पूर्ण लोडवर हा फरक ०.४२ किलोवॅटचा पडतो. दिवसाला सहा तास, वर्षाला तीनशे दिवस गिरणी चालली तर साडेसातशे युनिटच्या वर. जुनी, दोनदा आगीत भाजलेली मोटार आयई१ च्याही खाली असणार, त्यामुळे खरा फरक याहून मोठा. धूळ-पाण्यापासून बचावाचा आयपी५५ दर्जा घ्या, पिठासाठी तेवढं हवंच. पुलीकडचं बेअरिंग कोणतं ते विचारा आणि पट्ट्यावर चालणार आहे हे दुकानदाराला आधीच सांगा. जोडल्यावर पट्टा चढवण्याआधी फिरण्याची दिशा बघा. उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन लाइन अदलाबदल करायच्या, आणि स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वायंडिंगच्या फेजमध्ये असेल तर तो पुन्हा एकदा नव्या प्लेटवरच्या अँपिअरच्या ५८ टक्क्यांवर लावायचा.